पंख्यापुढची सुनावणी

वकिलांच्या त्या ऑफिसात दोन खोल्या होत्या आणि मधे एक बोळ. डावीकडच्या खोलीत भिंगरीचे बाबा बसत, उजवीकडच्या खोलीत तिचा मामा, आणि बोळात, दोन्ही दारांच्या बरोबर मधे टेबल टाकून ती स्वतः बसे. बाहेरच्या पाटीवर दोघांची नावं एकाखाली एक रंगवलेली होती. ती नावं सोडली तर या दोघांना इतकं जवळ कोणी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

बोलणं टाकलं होतं, काम नव्हे. वकील माणसं, त्यातूनही वाट काढली. कोर्टात वकील समोरच्या वकिलाशी थेट बोलत नाही. तो न्यायाधीशाकडे तोंड करतो आणि म्हणतो, ‘माझ्या विद्वान मित्रांना कदाचित ठाऊक नसेल.’ तीच रीत दोघांनी ऑफिसात आणली. मधे जो बसेल तो न्यायाधीश. आधी तिथे एक म्हातारे कारकून होते. त्यांना हळूहळू ऐकू येईनासं झालं, आणि त्याबद्दल कोणीही त्यांना दोष दिला नाही. ते घरी बसले आणि त्यांची खुर्ची भिंगरीच्या नशिबी आली.

"भिंगरी," डावीकडून आवाज येई, "माझ्या विद्वान मित्रांना विचार, स्टेपलर त्यांच्याकडे आहे का."

"न्यायासनाला कळवण्यात येतं," उजवीकडून उत्तर येई, "की स्टेपलर आहे. पिना मात्र विद्वान मित्रांनीच संपवल्या आहेत."

"बाबा, ऐकलंत ना?"

"मला फक्त तुझं ऐकू येतं."

मग भिंगरीने तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, पिनांसकट. दारं इतकी जवळ होती की एका खोलीत शिंक आली तर दुसऱ्या खोलीत रुमालाची शोधाशोध होई. पण नियम म्हणजे नियम.

भांडणाचं कारण ऐकून नवा माणूस हसे, म्हणून ते नव्या माणसाला सांगत नसत. एका इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांचा जिन्यावरून खटला चालला होता. बाबांनी उलटतपासणीची तयारी अख्खा उन्हाळा केली होती. एकेक प्रश्न असा घासूनपुसून ठेवला होता की साक्षीदाराला पळायला जागा राहू नये. नेमका त्या दिवशी बाबांचा घसा बसला. त्यांच्या जागी मामा उभा राहायला गेला आणि खटला पुकारण्याआधीच व्हरांड्यात चहा पाजून दोन्ही शेजाऱ्यांची दिलजमाई करून आला. शेजारी गळ्यात गळे घालून घरी गेले. बाबांचा घसा दोन दिवसांनी सुटला, पण मामाशी बोलण्यापुरता तो कायमचा बसला. मामाचंही म्हणणं होतं की मिटवल्याबद्दल शाबासकी राहिली बाजूला, वर अबोला. मग मी तरी का बोलू?

"दोन घरांचं भांडण मिटवलं आणि आपल्या घरात आणून ठेवलं," आई म्हणायची. "मी एकाची बहीण, एकाची बायको. माझ्यासाठी अपिलाची सोय कोणी ठेवली नाही."

भिंगरीने पदार्थविज्ञानात पदवी घेतली होती. पुढचं काही ठरेपर्यंत ऑफिस जरा माणसात आणून दे, असं आईने सांगितलं, म्हणून ती इथे आली. आली तेव्हा बाबांच्या स्क्रीनच्या कडेला पासवर्ड चिकटवलेला होता, सुवाच्य अक्षरात, आणि त्यावर लाल शाईने ‘गोपनीय’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मामाने पासवर्ड ठेवलाच नव्हता. "कुलूप दिसलं की चोराला कळतं आत काहीतरी आहे," असं त्याचं तत्त्वज्ञान होतं. भिंगरीने सगळे कागद स्कॅन केले, तारखा एका सामायिक कॅलेंडरवर चढवल्या, जुन्या फाइलींच्या प्रती दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवल्या, आणि दोघांना पासवर्ड मनात ठेवायला शिकवलं. बाबांना ते लगेच जमलं, कारण मनात ठेवणं हा त्यांचा स्वभावच होता.

सगळं नवं झालं. एक गोष्ट तेवढी जुनी राहिली. कॅलेंडरवर मामाने तारीख बदलली की बाबांच्या स्क्रीनवर ती आपोआप बदलायची. तरी बाबा दारातून विचारायचे, "भिंगरी, ही तारीख विद्वान मित्रांनी बदलली का? विचारून सांग."

आणि मग प्रयोगशाळेचा निरोप आला. दूरच्या एका शहरात, भिंगरीने ज्या कामाची दोन वर्षं आस धरली होती त्याच कामावर, त्यांनी तिला जागा देऊ केली होती. महिन्याच्या सुरुवातीला रुजू व्हायचं आणि येणार की नाही ते याच शनिवारपर्यंत कळवायचं.

तिने घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "जा की. पण तुझ्या मामाचं कसं व्हायचं?" मामा वरच्या मजल्यावर राहायचा. तो म्हणाला, "अवश्य जा. पण तुझ्या बापाचं पान हलेल का तुझ्यावाचून?"

"तू काही जायची नाहीस," आई भांडी पुसत म्हणाली. "शनिवारी त्यांना नाही म्हणून कळवशील, आणि मग जन्मभर त्या बोळात बसून स्टेपलरची वकिली करशील. मी ओळखते तुला."

"आणि गेले तर?"

"तर महिनाभरात ते पाटी मधोमध कापतील. करवत कोणी आणायची यावरून मात्र खटला चालेल."

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. हीच भिंगरीची खरी अडचण होती. आपण मधून बाजूला झालो तर ही दोन टोकं जुळणार नाहीत, आणि जुळली नाहीत तर आपला पाय निघणार नाही. तिने विचार केला. प्रयोगात मधलं माध्यम काढून टाकल्याशिवाय दोन पदार्थांचा संयोग होतो की स्फोट, हे कळत नसतं.

संधी अशिलाच्या रूपाने आली. ऑफिसचं सगळ्यात मोठं अशील म्हणजे एक औषध कंपनी. तिचा एक रसायनतज्ज्ञ सूत्र घेऊन पळाला होता आणि त्याचा खटला उभा राहात होता. कंपनीने बजावलं, आमचे कागद अशा ठिकाणी ठेवा की एकटा माणूस ते उघडू शकणार नाही. शुक्रवारी आमच्या सुरक्षा अधिकारी येऊन पाहतील. त्यांचं समाधान झालं तर काम तुमचं, नाहीतर समोरच्या मोठ्या फर्मचं.

भिंगरीने तशी व्यवस्था केली. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात तशीच. बाबांनी आपला पासवर्ड घातला की एक सहा अंकी सांकेतिक आकडा मामाच्या फोनवर येणार, मामाने घातला की बाबांच्या. तो आकडा अर्ध्या मिनिटात शिळा होणार. सोबत तिने एक पानभर नियम लिहिले आणि सहाव्या कलमात टाकलं: ‘आकडा तोंडीच सांगावा. लिहून नाही, निरोपाने नाही, तिसऱ्या व्यक्तीमार्फत तर मुळीच नाही.’

कागद घेऊन ती आधी डावीकडे गेली. "मला काही कळत नाही यातलं," बाबा म्हणाले. "माझे विद्वान मित्र अशा कागदात खोड काढल्याशिवाय राहायचे नाहीत. काढू देत. सही कुठे करायची?"

मग ती उजवीकडे गेली. मामाने खाली बाबांची सही पाहिली. "तुझ्या बापाने सही केलीय? मग स्वल्पविरामसुद्धा सोलून पाहिला असणार. आण इकडे पेन."

असं ते कलम दोन कसलेल्या वकिलांच्या नजरेखालून, एकाच्याही नजरेस न पडता, पार झालं. भिंगरी एकही अक्षर खोटं बोलली नव्हती. तिला फारसं बोलावंच लागलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी बाबांनी फाइल उघडायला घेतली आणि उजवीकडच्या खोलीत फोन किणकिणला.

"भिंगरी, विद्वान मित्रांकडे आकडा आलाय. विचारून सांग."

"नाही सांगता यायचं, बाबा. कलम सहा. तुम्ही सही केलीय."

खोलीत कागदाची सळसळ झाली. दुसऱ्याही खोलीत झाली. दोघांनी कलम सहा वाचलं, आणि दोन्हीकडे एकाच वेळी ‘हं’ असा आवाज झाला. वकील माणूस आपल्याच सहीत अडकला की असाच आवाज करतो. तेवढ्यात आकडा शिळा झाला.

भिंगरी समोरच्या स्क्रीनकडे बघत बसली. ओठ मिटून घ्यायला तिला कष्ट पडत होते. आता बोलतील. बोलावंच लागेल.

मग बाबा खुर्ची ओढून दारात आले आणि घसा साफ करत बोळातल्या टेबलफॅनकडे तोंड करून म्हणाले, "न्यायासनासमोर एक मुद्दा मांडायचा आहे."

"बाबा, तो पंखा आहे."

"तेच. कायद्याने व्यक्ती म्हणजे माणूस, कंपनी किंवा संस्था. पंखा यांपैकी काहीच नाही. तेव्हा पंख्यामार्फत बोलल्यास कलम सहाचा भंग होत नाही."

उजवीकडच्या दारात मामा उगवला. तोही पंख्याकडे बघून बोलला. "विद्वान मित्रांच्या या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. न्यायासनाने तशी नोंद घ्यावी."

इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं आणि तेही भिंगरीच्या विरोधात. तिला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

पंख्याची एक खोड होती. तो मान फिरवायचा. सावकाश डावीकडे, मग सावकाश उजवीकडे, अगदी दोन्ही बाजू ऐकून घेणाऱ्या न्यायाधीशासारखा. आणि दोघेही शिस्तीचे. न्यायासनाचं तोंड आपल्याकडे असल्याशिवाय बोलणार नाहीत. पंखा उजवीकडे वळला की मामा तीन आकडे सांगे, पंखा निघून जाई, मामा थांबे. पंखा फिरून येईपर्यंत आकडा मरून जाई. दुपारपर्यंत त्यांनी तोड काढली: मामाने सहाही आकडे एका दमात, खणखणीत आवाजात ओरडायचे. फाइल उघडली. भिंगरीचा बेत बुडाला.

शुक्रवारी सकाळी बोळातल्या बाकावर एक शिंपी येऊन बसला होता. दुकानाच्या भाड्यावरून त्याचं मालकाशी वाजलं होतं आणि तो बाबांची वाट बघत होता. थोड्या वेळाने सुरक्षा अधिकारी बाई आल्या. करड्या केसांच्या, अंगाने बारीक, आणि नजर अशी की कुलपालाही घाम फुटावा. त्या भिंगरीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"फाइल उघडून दाखवा. नेहमी जशी उघडता तशी."

आत बाबांनी पासवर्ड घातला. मामाचा फोन वाजला. मामा दारात आला, त्याने पंख्याची मान वळण्याची वाट पाहिली आणि सहा आकडे ठणकावून सांगितले. बाबांनी पंख्याला "आभारी आहे" म्हटलं. फाइल उघडली.

बाईंनी एकदा पंख्याकडे, एकदा भिंगरीकडे पाहिलं. "हे कोणाशी बोलत होते?"

"न्यायासनाशी," भिंगरी म्हणाली. दुसरं काय सांगणार?

"बरं. आणि हे कोण?"

शिंपी अपराधी चेहऱ्याने उठून उभा राहिला. त्याच्या हातात खडू होता. बाकाच्या पाठीवर त्याने सहाही आकडे मोठ्या अक्षरात मांडले होते.

"माफ करा बाई, मी मुद्दाम नाही लिहिलं. आमच्या धंद्यात माप घेणारा ओरडतो आणि दुसरा लिहितो. कोणी आकडे ओरडला की माझा हात आपोआप चालतो." मग त्याने बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. "कालचेही आहेत तिकडे. काल दुपारीही मी इथेच वाट बघत बसलो होतो."

भिंगरीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. गंमत करता करता आपण या दोघांच्या हातून अशील घालवलं. आता ऑफिस बुडत असताना कोणत्या तोंडाने गाडीत बसणार?

बाईंनी पर्स उचलली. पुन्हा खाली ठेवली. "तुमची व्यवस्था चांगली आहे," त्या भिंगरीला म्हणाल्या. "कागद कुलपात आहेत, नियम नीट लिहिलेत. ही माणसं तेवढी बिघडलेली दिसतात. एक संधी देते. दोघांनी एका खोलीत जायचं, दार लावायचं आणि आकडा कानात सांगायचा. मी दाराबाहेर उभी राहते. एक अक्षर जरी ऐकू आलं तर मी चालले समोरच्या इमारतीत."

"कोणाच्या खोलीत?" मामाने पंख्याला विचारलं.

"अहो, माझ्याशी बोला," बाई म्हणाल्या.

मामाने भिंगरीकडे पाहिलं. मदत करायची तिची तयारी होती, पण मदत म्हणजे तिसरी व्यक्ती, आणि ते कलम तिनेच लिहिलं होतं. शेवटी मामाने फोन उचलला, चपला सरळ केल्या आणि बोळ ओलांडला. फार तर तीन पावलांचं अंतर. तो डावीकडच्या खोलीत शिरला आणि दार लागलं.

आत काय झालं ते बाहेर दिसलं नाही. पण दाराला वरच्या बाजूला दुधी काच होती, आणि तिच्यावर दोन सावल्या पडल्या होत्या. एक सावली वाकली. तिने दुसरीच्या कानाशी तोंड नेलं. दुसरी सावली कीबोर्डवर झुकली, थांबली, आणि तिने मान हलवली. पुन्हा पहिली वाकली. मग दुसरीने पहिल्या सावलीचा कान धरून आपल्या तोंडाशी ओढला.

"हे काय चाललंय?" बाईंनी हळूच विचारलं.

भिंगरीला मात्र अंदाज आला होता. आत पहिला शब्द फुटला होता.

"सहा म्हणालो, भावजी, नऊ नाही," मामा कुजबुजला होता.

"मग नीट बोल की," बाबा त्याच्या कानात कुजबुजले. "व्हरांड्यात दुसऱ्यांची लग्नं लावताना बरी जीभ चालते."

"जिन्याचं उकरून काढू नका आता."

"का नको? अख्खा उन्हाळा मी त्या शेजाऱ्याला कुठे कोंडायचं ते ठरवत होतो. तू त्याला चहा पाजलास."

"तुमचा घसा बसला होता. तुम्ही मला ‘सांभाळ’ असं खुणेने सांगितलंत."

"मी ‘थांब’ अशी खूण केली होती."

"असं, हात असा हलवून? हे ‘थांब’ होतं?"

बाहेर काचेवर एक सावली हात हलवत होती, दुसरी तोच हात वेगळ्या तऱ्हेने हलवून दाखवत होती. सगळं भांडण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कानात तोंड घालून चाललं होतं. कारण दाराबाहेर अशील उभं होतं, आणि अशिलापुढे शोभा करायची नाही हा दोघांचाही पहिला नियम होता. आकडे येत होते, शिळे होत होते, नवे येत होते. मधेच कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण फाइल उघडल्याची खूण भिंगरीच्या स्क्रीनवर उमटली.

बाईंनी दाराला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा समाधानाने मान डोलावली. "बराच वेळ लावतात, पण गुप्तता कडक आहे. पंखा तेवढा बाहेर काढा. आणि बाक पुसून घ्या."

त्यांनी कागदावर सही केली आणि गेल्या. बाहेरच्या दरवाजाचा आवाज विरला तसा आतला आवाज चढला. कुजबुजायचं कारण आता उरलं नव्हतं. शिंपी बाकावर सावरून बसला. जिना, चहा, घसा, हाताची खूण, मग कुठलीशी छत्री, मग कोणाच्या तरी लग्नात कोणी कोणाला पुढच्या रांगेत बसू दिलं नव्हतं ते, एकामागून एक बाहेर पडत होतं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं.

मग दोघांचा आवाज एकत्र आला. "भिंगरी. आत ये."

ती गेली. दोघं टेबलाच्या एकाच बाजूला बसले होते. समोर नियमांचा कागद होता.

"हे सहावं कलम," बाबा म्हणाले, "कुठल्या सुरक्षेसाठी?"

"तिला विचारताना सूचक प्रश्न नकोत, भावजी. मी विचारतो. भिंगरी, ‘मुळीच’ हा शब्द नियमात लागत नाही. तो कोणी आणि कशासाठी घातला?"

"मीच घातला, मामा. मला शनिवारी प्रयोगशाळेला हो म्हणायचंय. तुम्ही दोघं बोलला नसतात तर म्हणता आलं नसतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे फसवणूक," मामा म्हणाला.

"फसवणूक कशी होईल?" बाबा म्हणाले. "कागद समोर होता. न वाचता सही करणं ही आपली चूक. फार तर हेतू लपवला म्हणता येईल."

"हेतू लपवणं म्हणजेच फसवणूक."

"नाही रे. तू कुठल्या वर्गात झोपला होतास?"

"तुमच्याच शेजारी, भावजी. तुम्ही घोरत होतात."

खुर्च्या सरकल्या. मामाने फळीवरचा जाड ग्रंथ ओढला, बाबांनी त्याच्या हातून हिसकावून नेमकं पान काढलं, मामा त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचू लागला. आरोपी समोर उभा होता, पण खटल्यात त्याची आता कोणाला गरज नव्हती. भिंगरी थोडा वेळ थांबली. कोणी तरी ‘जा’ म्हणेल, निदान ‘थांब’ म्हणेल, असं तिला वाटलं. मग ती हळूच बाहेर आली आणि तिने दार लावून घेतलं.

बोळात तिने फोन काढला. प्रयोगशाळेला पाठवायचं उत्तर तिने आठवडाभर मनात रचलं होतं, आभार वगैरे मानून. प्रत्यक्षात तिने ‘येते आहे’ एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं. आतून हसण्याचा आवाज आला, मग पुन्हा वादाचा. तिला आनंद झाला होता, पण त्याच्या तळाशी थोडा राग होता. इतकी वर्षं भिंगरी, भिंगरी म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांपैकी एकालाही ती बाहेर गेल्याचं कळलं नव्हतं.

"माझा नंबर कधी लागायचा?" शिंप्याने विचारलं. तो रुमालाने बाक पुसत होता.

"आज काही लागायचा नाही, दादा. उद्या या."

"उद्या तुम्ही असाल ना?"

"उद्या आहे," भिंगरी पंख्याची वायर गुंडाळत म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून मात्र दार तुम्हीच वाजवा. जरा जोरात वाजवा, आत दोघं असतील."